कंपनी अमेरिकेत, घर पुण्यात: रजिस्टर्ड एजंट नेमताना

एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरटीओच्या बाहेर छत्रीखाली फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसलेला माणूस येतो. पैसे द्यायचे, कागद द्यायचे, पुढचं तो बघतो. अमेरिकेत एलएलसी, म्हणजे मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी, काढायला बसलं की फॉर्मवर 'रजिस्टर्ड एजंट' असा रकाना येतो आणि नवा माणूस हेच चित्र मनात धरून तो भरून टाकतो. मीही तसाच भरला होता. प्रत्यक्षात हा एजंट तुमचं कुठलंच काम करून देत नाही. तुमच्या कंपनीच्या नावाने आलेले कोर्टाचे आणि सरकारचे कागद तो स्वीकारतो आणि तुम्हाला कळवतो. तुम्ही ते वाचले की नाही, पैसे भरले की नाही, वकील गाठला की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मी आणि माझी पार्टनर पुण्यात बसून एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. ग्राहक बहुतेक अमेरिकेतले, म्हणून तिथे डेलावेअर राज्यात एलएलसी काढली. ओळखीतले बरेच जण आता त्याच वाटेवर आहेत आणि प्रत्येकाचा पहिला फोन याच रकान्यावरून येतो. तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

मुळात हा लागतो कशाला?

आपल्याकडे दावा लागला की कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन घरी येतो. माणूस सापडलाच नाही तर दाराला नोटीस डकवतो. पण कंपनीला दार कुठलं? मालक पुण्यात, सर्व्हर आणखी कुठे, ग्राहक टेक्सासमध्ये. उद्या त्या ग्राहकाने दावा लावला तर समन्स बजावायचं कुठे? म्हणून अमेरिकेतली राज्यं सांगतात की आमच्या हद्दीत एक पत्ता आणि एक नाव द्या. तिथे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत कोणीतरी हजर पाहिजे. त्याच्या हातात कागद पडला, की कायद्याने तो कंपनीला मिळाला. पत्ता रस्त्यावरच्या खऱ्या इमारतीचा हवा, नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही.

ही कल्पना आपल्याला अगदीच नवी नाही. परदेशी कंपनी भारतात धंद्याची जागा उघडते, तेव्हा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३८० प्रमाणे तिला ३० दिवसांत कागदपत्रं दाखल करावी लागतात. त्यात भारतात राहणाऱ्या अशा व्यक्तीचं नाव आणि पत्ता असतो, जी कंपनीच्या वतीने समन्स आणि नोटिसा स्वीकारेल. आपली देशी कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालय पुरतं, ज्याच्या बाहेर स्थानिक भाषेतही नाव लावावं लागतं. अमेरिकेत मात्र राज्यात कार्यालय नसलं तरी कंपनी काढता येते, म्हणून तिथे माणूस नेमावा लागतो.

आणखी एक गैरसमज. हा एजंट म्हणजे कुलमुखत्यार नव्हे. तुमच्या वतीने सही करायचा, करार करायचा, बँक खातं हाताळायचा कसलाही अधिकार त्याला मिळत नाही. त्यामुळे 'अनोळखी माणसाला कंपनीत कसं घ्यायचं' ही भीती सोडून द्या.

नावं राज्यागणिक बदलतात, तेवढं लक्षात ठेवा. ओहायो आणि ॲरिझोनात त्याला 'स्टॅच्युटरी एजंट' म्हणतात, मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 'रेसिडेंट एजंट', कॅलिफोर्नियात 'एजंट फॉर सर्व्हिस ऑफ प्रोसेस'. काम तेच. न्यूयॉर्क थोडं वेगळं आहे. तिथे एलएलसीसाठी समन्स स्वीकारायचं काम राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे कंपन्यांची नोंदणी बघणारा अधिकारीच करतो आणि तुम्ही दिलेल्या पत्त्यावर पाठवतो. वेगळा एजंट नेमणं ऐच्छिक.

पायरी पहिली: राज्य ठरवा, मग एजंट

एजंट राज्याचा असतो, त्यामुळे आधी राज्य. इथे लोक उलटं करतात. आधी स्वस्त एजंटाची जाहिरात बघतात आणि तो ज्या राज्यात असेल तिथे कंपनी काढतात.

तुम्ही स्वतः न्यू जर्सीत, समजा एडिसनला, राहता आणि घरून धंदा करता, तर न्यू जर्सीतच कंपनी काढा. डेलावेअरचं नाव ऐकून तिकडे गेलात, तर कंपनी डेलावेअरची आणि धंदा न्यू जर्सीत असं होतं. मग न्यू जर्सीत 'परराज्यातली कंपनी' म्हणून पुन्हा नोंदणी करा, तिथेही एजंट नेमा. दोन राज्यं, दोन एजंट, दोन वार्षिक बिलं. न्यू जर्सीत राहणाऱ्याला स्वतःच स्वतःच्या कंपनीचा एजंट होता येतं, हा फायदा वेगळाच.

पुण्यात, नाशकात, पणजीत बसून धंदा करणाऱ्याला मात्र अमेरिकेतलं कुठलंही राज्य सारखंच लांब. गुंतवणूकदारांकडून पैसे उभे करायचे असतील तर त्यांना एलएलसी नव्हे, डेलावेअरची कॉर्पोरेशन, म्हणजे शेअर्स असलेली कंपनी हवी असते, तिथे वाद नाही. नुसतं कन्सल्टिंग किंवा छोटं सॉफ्टवेअर विकायचं असेल तर वायोमिंग बघा. एलएलसीचा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी, १९७७ मध्ये, त्याच राज्याने केला. तिथे वार्षिक अहवालाबरोबर किमान ६० डॉलर भरावे लागतात. डेलावेअरच्या एलएलसीला अहवाल नाही, पण वर्षाला ३०० डॉलर कर आहे, एक रुपया कमाई झाली नसली तरी. आम्ही डेलावेअर घेतलं ते सगळे घेतात म्हणून. आज पुन्हा काढायची झाली तर वायोमिंग घेईन.

पायरी दुसरी: मावसभाऊ की कंपनी?

प्रत्येक मराठी घरात अमेरिकेतला एक मावसभाऊ असतो. 'त्यालाच करू की एजंट, पैसे वाचतील', हा सल्ला घरातून हमखास येतो. आधी बघा तो राहतो कुठे. न्यू जर्सीतला मावसभाऊ डेलावेअरच्या कंपनीचा एजंट होऊ शकत नाही. मधली नदी ओलांडली की राज्य बदलतं.

समजा तो डेलावेअरमध्येच राहतो. तरी विचार करा. त्याच्या घरचा पत्ता सरकारी नोंदीत जाईल, कोणालाही दिसेल. तो दिवसभर ऑफिसात असतो, घराला कुलूप. समन्स घेऊन माणूस दारात उभा आणि हे कुटुंब गणपतीला डोंबिवलीत. किंवा त्याने घर बदललं आणि तुम्हाला कळवायचं राहून गेलं. यात त्याचा दोष नाही, पण कोर्ट असल्या कारणाला सहसा दाद देत नाही.

बाहेरून एलएलसी चालवायची तर पैसे घेऊन हेच काम करणारी कंपनी नेमावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फी साधारण वर्षाला ५० ते ३०० डॉलर. डेलावेअरच्या डिव्हिजन ऑफ कॉर्पोरेशन्सच्या संकेतस्थळावर अशा एजंटांची यादी आहे, तिथून सुरुवात करा. या धंद्याचा आवाका किती मोठा आहे ते बघायचं तर विल्मिंग्टन शहरातला १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट हा पत्ता शोधा. बुटकी, साधी इमारत आहे. लाखोंनी कंपन्यांचा कागदोपत्री पत्ता तोच, कारण एका मोठ्या एजंट कंपनीचं कार्यालय तिथे आहे. तेव्हा तुमच्या पत्त्यावर आणखी हजार कंपन्या निघाल्या तर दचकू नका.

निवडताना फक्त किंमत बघू नका. मी हे प्रश्न ई-मेलवर विचारते आणि उत्तर लेखी घेते:

समन्स आलं तर स्कॅन त्याच दिवशी मिळणार का, आणि फक्त ई-मेल येणार की फोनही?
दुसऱ्या वर्षापासून फी किती? पहिलं वर्ष फुकट हे आमिष सर्रास असतं, दुसऱ्या वर्षी रक्कम कार्डावरून आपोआप कापली जाते.
सोडून जाताना काही पैसे लागतात का?
बँकेची पत्रं, ग्राहकाचं टपाल तुम्ही घेता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' किंवा 'वेगळे पैसे' असं येतं. एजंटाचा पत्ता म्हणजे तुमच्या ऑफिसचा पत्ता नव्हे. तो वेबसाइटवर, बिलावर छापू नका. बऱ्याच बँकाही खातं उघडताना हा पत्ता धंद्याचा पत्ता म्हणून घेत नाहीत, त्यांना तुमचा पुण्याचा खरा पत्ता चालतो का ते आधी विचारा.

पायरी तिसरी: फॉर्म आणि त्यामागचा खरा फॉर्म

डेलावेअरचं 'सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशन' इतकं छोटं असतं की आपल्याला शंका येते. कंपनीचं नाव, एजंटाचं नाव आणि पत्ता, अधिकृत व्यक्तीची सही. संपलं. मालक कोण हेही विचारत नाहीत. पत्ता मात्र एजंटाने लिहून दिला असेल तसाच, अक्षर न बदलता उतरवा. काउंटी, म्हणजे जिल्हाही लिहावा लागतो. राज्यात काउंटी तीनच आहेत: न्यू कॅसल, केंट आणि ससेक्स. विल्मिंग्टन न्यू कॅसलमध्ये येतं.

एजंटाशी करार आधी करा, फॉर्म नंतर भरा. कोणाचंही नाव यादीतून उचलून लिहिता येत नाही. वायोमिंगमध्ये एजंटाच्या सहीचं संमतिपत्र जोडावं लागतं, फ्लोरिडात फॉर्मवरच एजंटाची सही लागते.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो सरकारी फॉर्मवर नाही, एजंटाच्या पोर्टलवर असतो. डेलावेअरच्या एलएलसी कायद्यात अशी तरतूद आहे की प्रत्येक कंपनीने आपल्या एजंटाला एका हाडामांसाच्या माणसाचं नाव, कामाचा पत्ता आणि फोन नंबर द्यायचा. एजंटाने काहीही पाठवलं तर ते या माणसाकडे. याला 'कम्युनिकेशन्स कॉन्टॅक्ट' म्हणतात. ही माहिती दिली नाही किंवा जुनी ठेवली तर एजंट राजीनामा देऊ शकतो.

आम्ही इथेच गटांगळी खाल्ली. कंपनी काढताना संपर्कासाठी मी आमच्या जुन्या डोमेनवरचा ई-मेल दिला होता. वर्षभराने आम्ही नाव बदललं, नवं डोमेन घेतलं, जुन्याचं नूतनीकरण करायचं राहिलं. एजंट इमानेइतबारे त्याच पत्त्यावर मेल पाठवत राहिला. डेलावेअरच्या एलएलसीचा कर १ जूनपर्यंत भरायचा असतो, आणि राज्य त्याची सूचना तुम्हाला नाही, एजंटाला पाठवतं. आम्हाला कळलं सप्टेंबरच्या अखेरीस, तेही एका ग्राहकाने 'गुड स्टँडिंग'चा, म्हणजे कंपनीची राज्याकडे काही थकबाकी नसल्याचा, दाखला मागितला म्हणून. हिशोब असा झाला: कर ३००, दंड २००, आणि दोन्हींवर महिन्याला दीड टक्का व्याज, म्हणजे महिना साडेसात डॉलर. चार महिन्यांचे ३०. एकूण ५३० डॉलर. एजंटाला फोन लावला तर त्याने शांतपणे पाठवलेल्या तीन मेलच्या तारखा सांगितल्या. त्याचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून संपर्काला एकाच माणसाचा ई-मेल देत नाही. एक सामाईक पत्ता केला आहे, तो दोघींच्या फोनवर उघडतो. शिवाय फोन नंबर देशाच्या कोडसकट लिहिला आहे. बऱ्याच पोर्टलवर नंबराचा रकाना दहाच आकड्यांचा असतो आणि +९१ गळून पडतं. मग तुमचा मोबाइल नंबर अमेरिकेतल्या भलत्याच माणसाचा होतो. सेव्ह केल्यावर पुन्हा उघडून बघा.

पायरी चौथी: टपाल आलं, आता?

एजंटाकडून येणाऱ्या कागदांत तीन जाती असतात.

पहिली, राज्याच्या सूचना: कर, वार्षिक अहवाल, पत्ता बदलाची पोच. यांना मुदत असते. ती मेलवर विसंबून न राहता स्वतःच्या कॅलेंडरवर टाका. डेलावेअरची कॉर्पोरेशन असेल तर तारीख १ जून नव्हे, १ मार्च, आणि तिथे कराबरोबर अहवालही द्यावा लागतो. एलएलसीने सलग तीन वर्षं कर बुडवला तर तिची नोंदणीच रद्द होते.

दुसरी, कोर्टाचे कागद. समन्स आणि त्यासोबत दाव्याची प्रत. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात उत्तराला २१ दिवस मिळतात, डेलावेअरच्या राज्य कोर्टात साधारण २०. मुदत मोजायची ती एजंटाच्या हातात कागद पडला त्या दिवसापासून, तुम्ही मेल उघडलात त्या दिवसापासून नाही. उन्हाळ्यात विल्मिंग्टन आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे शुक्रवारी दुपारी चार वाजता समन्स बजावलं, तर पुण्यात शनिवारचे पहाटेचे दीड. तुम्ही सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडलात, तोवर दोन दिवसांहून जास्त गेले. उत्तर गेलं नाही तर कोर्ट समोरच्याचं म्हणणं मान्य करून एकतर्फी निकाल देऊ शकतं. असा मेल आला की त्याच दिवशी त्या राज्यातला वकील शोधा. एजंटाला 'आता काय करू' विचारू नका. तो कायद्याचा सल्ला देत नाही, आणि देऊही नये.

तिसरी जात फसवी. कंपनी नोंदली की तिचं नाव आणि पत्ता सार्वजनिक होतो, आणि मग गरुडाचं चित्र, ठसठशीत मुदत, फॉर्म क्रमांक असलेली पत्रं यायला लागतात. 'वार्षिक नोंद', 'प्रमाणपत्र घ्या', 'अनुपालन शुल्क'. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आम्ही सरकारी संस्था नाही. ती ओळ आधी शोधा. लाभार्थी मालकांची (कंपनीमागच्या खऱ्या माणसांची) माहिती फिनसेनला, म्हणजे अमेरिकेच्या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या खात्याला द्या, नाहीतर दंड, अशीही पत्रं फिरतात. तो नियम २०२४ च्या सुरुवातीला लागू झाला होता हे खरं, पण मार्च २०२५ मध्ये फिनसेनने अमेरिकेतच स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळलं.

जे काम एजंटाचं नाही

हे थोडक्यात, कारण खरं तर हा तुमच्या सीएशी बोलायचा विषय आहे. ईआयएन, म्हणजे कंपनीचा करक्रमांक, आयआरएसकडून (अमेरिकेच्या कर खात्याकडून) तुम्हीच मिळवायचा. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ऑनलाइन अर्ज चालत नाही, एसएस-४ फॉर्म फॅक्सने पाठवावा लागतो किंवा फोनवर बसावं लागतं. परदेशी माणूस एकटाच मालक असलेल्या एलएलसीने मालकाशी पैशांचे व्यवहार केले, अगदी भांडवल टाकलं तरी, फॉर्म ५४७२ भरावा लागतो. चुकला तर दंड २५,००० डॉलर. एजंट याची आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.

भारताची बाजूही आहे. भारतात राहणाऱ्याने परदेशी कंपनीत पैसे गुंतवले की फेमाखालचे (परकीय चलनाच्या कायद्याखालचे) २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात: अधिकृत बँकेमार्फत फॉर्म एफसी, नंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे त्या कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल, आणि आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए. आधी डॉलर पाठवून मग सीएकडे जाणारे लोक मी पाहिले आहेत. क्रम उलटा ठेवा.

पायरी पाचवी: एजंट बदलायचा झाला तर

फी वाढली, फोन उचलत नाहीत, काहीही कारण असो, बदलता येतो. मात्र जुन्याला आधी 'रामराम' म्हणू नका. प्रथम नव्याशी करार, मग राज्याकडे बदलाचा अर्ज आणि त्याची फी, मग राज्याची पोच, आणि त्यानंतर जुन्याचं सदस्यत्व बंद. मधल्या काळात कंपनी एजंटाविना राहता कामा नये.

कधी एजंटच तुम्हाला सोडतो, बहुतेक वेळा फी थकली म्हणून. डेलावेअरमध्ये त्याला आधी तुम्हाला कळवावं लागतं. मग त्याने राज्याकडे राजीनामा दाखल केला की तुमच्याकडे ३० दिवस असतात. तेवढ्यात नवा नेमला नाही तर एलएलसीची नोंदणी रद्द. कार्डाची मुदत संपली आणि नवं कार्ड पोर्टलवर टाकायचं राहिलं, एवढ्या क्षुल्लक कारणावरून गोष्ट इथपर्यंत येऊ शकते.

जुनं खातं बंद करण्याआधी पोर्टलवरची सगळी पीडीएफ उतरवून घ्या. त्यात राज्याच्या शिक्क्याचं मूळ सर्टिफिकेट असतं, आणि बँक नेमकं तेच मागते. आमची प्रत आता तीन ठिकाणी आहे. त्यातली एक छापील आहे, कपाटात, वीजबिलांच्या फायलीत.